तोंडावरचा पंचा

"तोंड झाकलंय ना तुझं? मग लाज कसली?"

डॉक्टरसाहेब असं म्हणाले आणि व्हरांड्यातली माणसं हसली.

मी स्टुलावर बसले होते. कमरेपर्यंत उघडी. धुळ्यातल्या त्या दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. आत उजेड पुरत नाही म्हणून मला बाहेर व्हरांड्यातल्या उन्हात आणून बसवलं होतं. समोरच औषधाच्या बाटल्या घेऊन लोक रांगेत उभे. माझी चोळी आयाबाईच्या हातात. पदर मी छातीशी घट्ट धरला होता, तर आयानं तोही सोडवला. फोटोत सुरकुत्या येतात म्हणे. मग डॉक्टरांनी एक पंचा मागवला आणि माझ्या डोक्यावरून, तोंडावरून टाकला. त्याला फिनेलचा वास येत होता.

चट्टा पाठीवर होता आणि काखेकडं पसरत चालला होता. तो नीट दिसावा म्हणून त्यांनी मला तिरकं बसवलं, माझा डावा हात उचलला आणि डोक्यावर ठेवला. पंच्याच्या वर. हलू नको म्हणाले. पंच्याच्या विरळ विणीतून दिसलं, फोटोवाल्यानं आपल्या डब्यामागं जाऊन स्वतःच्या डोक्यावर काळं फडकं घेतलं. एवढ्या माणसांत आम्हा दोघांचीच तोंडं झाकलेली होती.

पंच्याआडून मी म्हणाले, "साहेब, हात."

"हाताला काय झालं?"

"हात झाका."

पुन्हा हसणं. डॉक्टरही हसले. वाईट माणूस नव्हते ते, हेही सांगते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं वेडे, हातावरून कोण ओळखतं माणसाला?"

मी गप्प बसले. मला आजही त्या गप्प बसण्याचा राग येतो.

त्यांना कसं सांगायचं होतं? माझं सासर धरणगावजवळचं. शेती करणारं घर. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबांनी माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढं जाताना पदर हनुवटीच्या खाली. जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, तसंच, गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्यासमोर तसंच. पण माझ्या हातच्या भाकरी आबा रोज खात होते. ताटात भाकर टाकणारा हात माझा की जेठाणीचा, ते वर न बघता त्यांना कळायचं. कपाशी वेचायला बायका ओळीनं निघाल्या की सगळ्यांचे पदर पुढं ओढलेले, उघडे फक्त हात. आम्ही एकमेकींना हातांवरून हाका मारायचो. आमच्यात बाईचं तोंड घरापुरतं असतं. गावाला माहीत असतो तो हात.

आणि माझा हात तर साऱ्या गावाला माहीत. लहानपणी माहेरी, सोनगीरला, गोंदणारी आली होती. डाव्या हातावर विंचू काढायला घेतला. सुया टोचायला लागल्या तशी मी किंचाळले आणि हात ओढून पळून गेले. विंचू अर्धाच राहिला. नांगी नाही, शेपूट मध्येच तुटलेलं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून सासरी त्यावरून थट्टा. लांडा विंचू. अशी खूण दुसऱ्या कुणाची नव्हती. माझी पोर त्या विंचवावर बोट फिरवत फिरवत झोपायची. तिला दुसरं खेळणं लागत नसे.

चट्टा उठला तेव्हा ती चालायला लागून फार दिवस झाले नव्हते. चट्टा फिकट, वर कोंडा धरलेला. चोळीखाली असल्यामुळं सासरी कुणाला माहीत नव्हतं. मला मात्र झोप येईना. महारोग असला तर? महारोग्याचं काय करतात ते मी पाहिलं होतं. गावाबाहेर झोपडी आणि लांबून टाकलेली भाकर. पोर तर हातातून जाणारच. म्हणून मी माहेरपणाचं निमित्त केलं, पोरीला सासूजवळ ठेवलं आणि मायला घेऊन सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला गेले. डॉक्टरांनी पाठ टोचून पाहिली, विचारात पडले. म्हणाले, मला खात्री देता येत नाही, मुंबईला चामडीच्या रोगांचे एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारतो. मायनं विचारलं, आणखी कोण बघणार? ते म्हणाले, एकच माणूस बघणार.

एकच माणूस. आम्ही विश्वास ठेवला.

मुंबईचं उत्तर चांगलं आलं. महारोग नाही. चामडीचा साधा विकार, मलम लावून जाईल. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला ते देवच वाटले. मलम लावलं, चट्टा गेला. मी सासरी परतले, पोरीला पोटाशी धरलं, आणि तो व्हरांडा विसरून जायचं ठरवलं.

पुढच्या वर्षी कपाशीचा हंगाम संपल्यावर आम्ही धरणगावच्या बाजाराला गेलो. सासू, जेठाणी, मी, आणि पोर माझ्या कडेवर. बाजारात आरोग्याचं प्रदर्शन आलं होतं. कनातीत मोठमोठे फलक टांगलेले. डासांचे, नारूचे, देवीचे. बायकांची ही झुंबड. आम्हीही शिरलो.

महारोगाचा फलक शेवटी होता. त्यावर दोन मोठी चित्रं शेजारी शेजारी. एकात झडलेली बोटं. दुसऱ्यात एक उघडी बाई. डोक्यावर पंचा, पंच्यावर हात.

मला वाटलं, झाकलेलं आहे. खरंच कोण ओळखणार? मी जेठाणीला म्हणणार होते, चला, ऊन झालं. तेवढ्यात कडेवरची पोर खुदकन हसली. तिनं फलकाकडं बोट केलं.

"हाऊ मनी मायना इच्चू शे."

माझ्या मायचा विंचू. किती आनंदानं म्हणाली. बाजारात आपलं माणूस भेटल्यावर म्हणावं तशी.

सासूनं फलक पाहिला. मग माझा हात पाहिला. मग पुढं होऊन पोरीला माझ्या कडेवरून काढून घेतलं. जेठाणी दोन पावलं बाजूला सरकली. कनातीतल्या बायका बघायला लागल्या, फलकाकडं आणि माझ्याकडं.

त्या चित्राखाली काय लिहिलं होतं ते मला फार उशिरा कळलं. वाचायला शिकल्यावर. 'हा महारोग नव्हे.' लोकांनी साध्या चट्ट्याला भिऊ नये म्हणून माझी पाठ तिथं टांगली होती. खरं लिहिलं होतं, अगदी खरं. पण आमच्यात कुणाला अक्षर येत होतं? आम्ही चित्र वाचलं. शेजारी झडलेली बोटं, आणि तोंड झाकलेली बाई. तोंड झाकलं होतं म्हणूनच सगळ्यांना वाटलं, हिच्याजवळ झाकण्यासारखं काहीतरी आहे.

घरी मी चोळी काढून सासूला पाठ दाखवली. बघा, काही नाही. ती म्हणाली, आज नाही, उद्या निघेल. माहेरपणाचं निमित्त करून गेलीस ना, मग आता कशावर विश्वास ठेवायचा? तिचंही काय चुकलं, असं मला कधी कधी वाटतं. मग पोर आठवते आणि तसं वाटेनासं होतं.

माझं ताट वेगळं झालं. अंथरूण गोठ्यात गेलं. नवरा खाली मान घालून बसला तो बसलाच, पुढं त्यानं दुसरी केली. एके सकाळी आबा गोठ्याच्या दाराशी आले. त्यांच्यासमोर पदर ओढायचा मी विसरले. त्या दिवशी त्यांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं असेल.

"पोर आठेच ऱ्हाई," ते म्हणाले. "तू जाय."

पोरीला तिथंच सोडून निघायचं होतं. मी पाया पडायला वाकले तर ते मागं सरले.

माहेरी आल्यावर मी विंचवावर बिब्बा घातला. कातडी जळली, फोड आले, हात कोपरापर्यंत सुजला. पाण्यासारखा पू वाहत होता आणि मी रोज बघायची, गेला का. फोड बसले. विंचू होता तिथंच होता. त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर किती वेळ बसले होते कोण जाणे. मायनं ओढून घरी आणलं.

मग मी धुळ्याला गेले. मला एकच पाहिजे होतं. डॉक्टरांनी माझ्यासोबत धरणगावला यावं आणि सासऱ्यांना तोंडानं सांगावं, हिला रोग नाही. एवढंच. डॉक्टर खुर्चीत होते. मी जमिनीवर. सगळं ऐकून ते म्हणाले, "शक्यच नाही. तोंड झाकलं होतं. तूच कुणाला तरी बोलली असशील."

मी हात पुढं केला. बिब्ब्यानं जळलेला. त्यांनी नीट पाहिलाही नाही. सांगू लागले की मुंबईच्या डॉक्टरांना तो फोटो फार आवडला, इतका स्वच्छ फोटो मिळत नाही, त्या फलकामुळं किती लोक शहाणे होतील. मी म्हटलं, साहेब, मग तो फोटो मला द्या. ते म्हणाले, फोटो ज्या काचेवर उतरतो ती काच दवाखान्याची आहे.

मी म्हटलं, "पाठ माझी होती."

त्यांना ते ऐकूच आलं नाही. ते दुसरा कागद बघू लागले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या टेबलाकडं गेलं. एक चौकट उभी होती. शिपाई पाणी ठेवायला आला, त्याच्या धक्क्यानं ती फिरली. त्यांच्या बायकोचा फोटो. नऊवारी शालू, नाकात नथ, अंगभर कपडे. डॉक्टरांनी चटकन ती चौकट पुन्हा आपल्याकडं वळवली. आमच्याकडं मागचा पुठ्ठा.

मला सगळं उमगलं. या माणसाला लाज कशाला म्हणतात ते चांगलं ठाऊक आहे. परक्यानं आपल्या बाईला बघू नये, हे त्याला कुणी शिकवायला नको. फक्त माझ्यासारखीलाही ते लागू आहे, हे त्याच्या मनातच येत नाही. माझ्या अंगात काहीतरी ताठ झालं. रडू थांबलं ते तिथं. मी त्यांच्या पाया न पडता उठले. त्याआधी कुठल्याच साहेबाच्या खोलीतून मी अशी बाहेर पडले नव्हते.

पण पोट कुठं जाणार? माहेरी भावजयीला माझं ताट जड झालं होतं. त्याच दवाखान्यात आयाची जागा होती. महारोगाची म्हणून बाहेर कुणी कामाला ठेवत नव्हतं आणि तिथं सगळ्यांना माहीत होतं की मला रोग नाही. ज्यांनी घर मोडलं त्यांच्याकडंच राहिले. तिथल्या एका नर्सबाईकडून अक्षरं शिकले.

एकदा राहवलं नाही. वेचणीच्या दिवसांत सासरच्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिले. पोर उंच झाली होती, जेठाणीच्या मागं मागं वेचत होती. मी हाक मारली, हात पुढं केला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, ओळखलं नाही. मग हाताकडं पाहिलं. ओळखलं. आणि घाबरून जेठाणीच्या लुगड्यामागं लपली. मी तिथून कशी परतले ते मला आठवत नाही.

आणि मग पिंपळनेरकडची ती बाई आली.

भिल्लाची होती, कोवळी, नवऱ्यानं खाटेवर घालून आणलेली. छातीवर मोठी गाठ. डॉक्टर म्हणाले, मुंबईला फोटो पाठवून विचारू. फोटोवाला आला. व्हरांड्यात स्टूल आलं. औषधाची रांग उभी होतीच. डॉक्टरांनी मला सांगितलं, "पंचा टाक हिच्या तोंडावर आणि धर हिला."

पंचा माझ्या हातात होता. फिनेलचा तोच वास. मी तिच्याजवळ खाली बसले आणि माझा डावा हात तिच्या मांडीवर ठेवला. तिला फोटो काय असतो, कुठं कुठं जातो, सगळं सांगितलं. माझं काय झालं तेही. मग विचारलं, तुझ्या पाड्यावर लोक तुला कशावरून ओळखतात? तिनं गळ्याखाली बोट नेलं. तिथं भाजल्याचा पट्टा होता, गाठीच्या अगदी वर. पंच्याखाली कधीच न येणारा.

डॉक्टर म्हणाले, ऊन चाललंय, लवकर.

मी बाईला विचारलं, काढायचा का?

"मले फोटू काढाना नही," ती म्हणाली. हळू, पण स्पष्ट.

मी उठले आणि डब्याच्या तोंडासमोर उभी राहिले. फोटोवाला काळ्या फडक्यातून बाहेर आला. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, तू कोण सांगणार? गाठ वाढून ही मेली तर? मी म्हटलं, मुंबईला गाठ दाखवायची तर गाठच दाखवा. आत खोलीत न्या, बाकी अंग चादरीनं झाका, भाजल्याचा पट्टाही झाका, रांगेला बाहेर ठेवा. फोटो कोण बघणार ते तिला आधी सांगा आणि तेवढ्यांनीच बघा. काच तिच्यासमोर फोडा. मग ती हो म्हणाली तर काढा.

"पंचा टाकणं जमणार नसेल तर तू घरी जा," ते म्हणाले.

"घर तुमच्या फलकावर टांगलंय, साहेब."

रांगेत कुणी हसलं नाही. डॉक्टर आत निघून गेले. त्या दिवशी फोटो निघाला नाही. बाईचा नवरा तिला तसाच घेऊन गेला. पुढं तिचं काय झालं मला कळलं नाही, आणि ते माझ्या उरावर आहे. चादर मागितली होती मी, औषध नाकारलं नव्हतं. त्यांना चादर द्यायची नव्हती.

माझी पोर मला मिळाली नाही. आता मिळायचीही नाही. तो फलक अजून कुठल्या बाजारात टांगला जातो मला माहीत नाही. पण विंचू मी आता लपवत नाही. फोटो काढायला आणलेल्या प्रत्येक बाईला, डॉक्टर यायच्या आधी, तो दाखवते. अजून त्यांनी मला काढलेलं नाही; काढून टाकलं तर फाटकाबाहेर बसून दाखवीन. हातपाय धरून बाहेर काढावं लागेल मला. पण यापुढं माझ्या हातानं कुणाच्या तोंडावर पंचा पडणार नाही.