होडीने वळसा घातलेली जागा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला मुद्दाम नवीन चपला घालून बाहेर पडणारी आहे. इथले तुमचे अनुभव मी जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे वाचते... आवडीने, पण पोट भरण्यासाठी नाही. तरी एक प्रसंग माझ्याही खात्यात आहे. त्यात भूत नाही, पांढरी साडी नाही, सगळं भर दिवसा घडलेलं आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो आणि मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका छोट्या ऑफिसात नोकरी करायचे. ऑफिस म्हणजे मी, प्रधान सर आणि एक ४८६ कॉम्प्युटर. त्यातल्या त्यात बडदास्त कॉम्प्युटरची — एकुलता एक एसी त्याच्यासाठी होता, आम्ही दोघं उगाच गारठायचो.

काम आलं होतं डोंबिवलीच्या खाडीवरच्या जेट्टीचं. पलीकडच्या गावांतल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन होडीने यायच्या आणि गुडघाभर चिखल तुडवत काठावर चढायच्या. त्यांच्यासाठी जेट्टी कुठे बांधायची, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. एक जागा जवळजवळ पक्की झाली होती. तिथे भरती-ओहोटीचं पाणी कसं वाहतं, ते मॉडेल चालवून दाखवलं की झालं, असं सर म्हणाले होते.

मॉडेल म्हणजे काय, तर खाडीच्या नकाशावर त्रिकोणांची जाळी टाकायची. त्याला आम्ही मेश म्हणायचो. प्रत्येक कोपऱ्यावर पाण्याची खोली भरायची आणि पाणी एका त्रिकोणातून दुसऱ्यात कसं जातं, ते कॉम्प्युटरला मोजायला लावायचं. खोली मी स्वतः मोजली होती, हिरू नाखव्यांच्या होडीतून. हे खाडीवरचे म्हातारे कोळी, होडी त्यांची स्वतःची. ते वल्हवायचे, मी शिसं बांधलेली दोरी सोडून आकडे लिहायचे. एका ठिकाणी होडी जरा बाजूने गेली आणि तेवढी जागा मोजायची राहिली. मी तिथे दोन्हीकडच्या आकड्यांची सरासरी भरून टाकली. सगळेच भरतात.

आणि मॉडेल चालेना.

सकाळी रन लावायची, जेवणाच्या सुमारास बघावं तर बंद पडलेलं. पडद्यावर पाण्याची उंची तीनशे मीटर! म्हणजे आमचं घर, शेजारपाजार, सगळी डोंबिवली तळाला. मग नेहमीचे उपाय सुरू केले. बारके, चिंचोळे त्रिकोण काढून टाकले. वेळेचा टप्पा निम्मा केला, मग त्याच्याही निम्मा. भरतीचे आकडे पुन्हा तपासले. शेवटी वैतागून सगळी मेश पुसली आणि नव्याने आखली. सर म्हणाले, "तुझ्याच हातून काहीतरी राहिलंय. मशीन रुसत नाही." ते बरोबरच बोलत होते, म्हणून जास्त राग आला.

आठवडाभराने मी एक गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. दर वेळी गडबड कुठून सुरू होते, ती जागा कागदावर मांडली. मेश वेगळी, कोपऱ्यांचे नंबर वेगळे, पण जागा एकच. सरासरी भरलेली.

रविवारी सकाळी तो कागद घेऊन मी नाखव्यांकडे गेले. ते जाळं शिवत बसले होते. मी कागदावर बोट ठेवलं आणि होडी इथे वळली का, असं विचारलं.

"तिथून आमी होरी नेत नाय, बाय," ते म्हणाले. "आईचा, आमच्या देवीचा दगड हाय खाली. माझा आजा पन वलसा घालायचा."

मग तेव्हाच का नाही सांगितलं? त्यांनी सुई थांबवली नाही. "तू पानी मोजाला आलेलीस. कशाला, ता मना कोनी सांगलाच नाय."

मी जेट्टीचं सांगितलं. जागा दाखवली. तेव्हा मात्र त्यांनी जाळं खाली ठेवलं.

ओहोटी लागल्यावर आम्ही निघालो. त्यांनी आधी नारळ सोडला, हात जोडले, आणि होडी दगडावर न नेता कडेला धरून लांब बांबू पुढे केला. बांबू दीड हातावर खट्कन थांबला. माझी सरासरी तिथे चार मीटर सांगत होती. ठरलेल्या जेट्टीला लागणारी प्रत्येक होडी, पाट्यांनी आणि बायकांनी भरलेली, ओहोटीला याच दगडावरून जाणार होती.

सोमवारी खरा आकडा भरला. खरं तर तळ असा एकदम वर आला की मॉडेल जास्तच बिघडतं, कमी नाही. पण रन दुपारपर्यंत शांतपणे पूर्ण झाली. सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा उघडला.

जेट्टी वरच्या अंगाला सरकली. बांधून झाली तेव्हा मी माझ्या आईला घेऊन बघायला गेले होते. बायका कोरड्या पायांनी उतरत होत्या, एकीने आईला कोलंबी विकली. इतकं समाधान मला नंतरच्या मोठमोठ्या कामांतही क्वचित मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, खाली दगड होता, म्हणून मॉडेल अडलं. पण कॉम्प्युटरला दगड कुठे माहीत होता? त्याला फक्त माझे चार मीटर माहीत होते, सरळ, निरुपद्रवी. आपली चूक नेमकी कुठे झाली ते कळावं म्हणून मी पुढे चार मीटरवाल्या फाईलची जुनी फ्लॉपी काढली. तेच मशीन, तोच प्रोग्रॅम, तीच फाईल, एक आकडा बदलला नाही.

पहिल्या फटक्यात चालली. मी पाच वेळा चालवली, पाचही वेळा चालली. सरांनी खूप डोकं खाजवलं आणि शेवटी एसीवर ढकललं.

तेव्हा ती अशीच चालली असती, तर मी रिपोर्ट पाठवून मोकळी झाले असते.

नाखव्यांना हे सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "मंग आईनं तुला पन वलसा घालाला लावला."

नंतर इतकी वर्षं मॉडेलं केली, पण मोजायची राहिलेली जागा सरासरीने कधी भरली नाही. आधी होडीवाल्याला विचारते.