जायफळाची कॉफी आणि ताईची झोप

आमच्या घरात चहा हे व्यसन होतं आणि कॉफी हे औषध. चहा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि त्यांच्या पक्षकारांचा. अण्णा वकील. सुलतान बाजारातल्या आमच्या घराच्या ओसरीवर सकाळपासून पक्षकार येऊन बसत आणि कपावर कप रिचवत. आम्ही मुलांनी मागितला तर आई म्हणायची, काळे व्हाल. कॉफी मात्र ताप उतरला की मिळे, उपासाला मिळे. दुधात उकळून, वर जायफळ किसून. जायफळानं झोप लागते याबद्दल आमच्याकडं कुणालाच शंका नव्हती. त्यातली कॉफी म्हणजे ते जायफळ पोटात पोचवायची नुसती सोय, अशी आईची समजूत होती.

ताई माझ्याहून वर्षानं मोठी. आईच्या दुखण्यात तिची शाळा एक वर्ष बुडाली, म्हणून दोघांची मॅट्रिक एकदमच आली. निजामाच्या राज्यात तेव्हा वरच्या वर्गांतलं सगळं शिक्षण उर्दूतून, त्यामुळं घरी मराठी बोलणाऱ्या आम्हा पोरांना इतिहास-भूगोल पाठ करताना घाम फुटायचा. त्याच वर्षी ताईची झोप उडाली. सगळे निजले की ती कंदील घेऊन स्वयंपाकघरात वाचत बसायची. झोप येत नाही म्हणून बिचारी वाचते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. दिवसा तिचे डोळे लाल, हात कापायचे, वर्गात डुलक्या. एकदा मी तिची दौत उचलली एवढ्यावरून ती ढसाढसा रडली. हसरी मुलगी होती ती. मला भीतीच वाटली.

आईनं निजायच्या आधी तिला जायफळाची कॉफी द्यायला सुरुवात केली. झोप आणखी लांबली. आईनं जायफळ वाढवलं. जायफळ वाढलं की चव कडवट होते, म्हणून दूध आणि कॉफीही वाढली, आणि पेल्याच्या जागी तांब्या आला. शेवटी अण्णांच्या ओळखीच्या हकीमसाहेबांनी नाडी पाहून सांगितलं, वाचून वाचून दिमागात गर्मी चढली आहे. अण्णांनी ते मनावर घेतलं. संक्रांतीपर्यंत झोप रुळावर आली नाही तर ताईची शाळा बंद, असं त्यांनी जाहीर केलं. तिला एक स्थळ सांगून आलेलंच होतं. शाळा बंद म्हणजे पुढं काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला मात्र एका गोष्टीनं पछाडलं. पुस्तकं तीच, जेवण तेच, तरी मी ओंडक्यासारखा झोपतो आणि ही जागी का? वाचून दिमाग तापत असेल तर माझा का तापत नाही? (आई म्हणाली, तू वाचतोस कुठं.) मी तपासाला लागलो. दोघांच्या उशा बदलल्या. मी तिच्या जागी, दक्षिणेकडं डोकं करून निजलो. तिचं माक्याचं तेल चोपडून पाहिलं, तर वर्गातली मुलं नाकं मुरडायला लागली. झोप मात्र जशीच्या तशी. राहिली कॉफी. ती धडधाकट माणसाला मिळत नव्हती, म्हणून मी सर्दी झाल्याचं सोंग केलं, आणि तब्येतीनं खोकून खोकून तांब्याभर कॉफी मिळवली.

काय रात्र ती! अंगात कुणी घड्याळाची किल्ली पिळून ठेवलीय असं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा मला अण्णांचं घोरणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आलं.

सकाळी मी अण्णांपुढं उभा राहिलो आणि माझा शोध सांगितला. ते हसले. म्हणाले, "एकच गवाह, आणि तोही घरचा. अशानं मुकदमा टिकत नाही." पण वकील माणूस, पुराव्याला पाठ दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी चहा नाकारला आणि निजताना आईकडून ताईइतकीच कॉफी करून घेतली. उजाडताच मी ओसरीवर गेलो, तर अण्णा दाढी-अंघोळ उरकून बसलेले, कपाटातले सगळे कागद नव्यानं लावलेले, डोळे तांबारलेले आणि चेहऱ्यावर विलक्षण वैताग. मला पाहून ते म्हणाले, जायफळाची बाजू कच्ची आहे.

त्यांनी ताईला बोलावलं. कॉफी आजपासून बंद, शाळा चालू राहील, असा निकाल दिला. मी तर हवेत होतो. ताई आता माझ्या गळ्यात पडेल अशी माझी अपेक्षा होती. ती मान खाली घालून उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मीच आईकडं जास्त मागत होते. कॉफी बंद केलीत तर मी वाचू कधी?"

अण्णा म्हणाले, दिवसा वाच. तेव्हा ताईनं आपला दिवस सांगितला. तक्रारीचा सूर नव्हता, धडा म्हणून दाखवावा तसं. उजाडायच्या आधी नळाचं पाणी, मग पोळ्या, मग शाळा. शाळेतून आल्यावर दळण-निवडण, कंदिलांच्या काचा पुसणं, रात्रीचा स्वयंपाक, मागची आवराआवर. ते सगळं संपलं की तिचा अभ्यास सुरू. तोवर डोळे मिटायला लागत, म्हणून कॉफी.

"मला दिवसातला थोडा वेळ द्या अण्णा," ती म्हणाली. "रात्री मी आपोआप झोपेन."

अण्णांनी माझ्याकडं वळून विचारलं, शाळेतून आल्यावर तू काय करतोस? मी कोठी भागातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी मासिकं चाळत हिंडायचो. तेच सांगितलं. उशी, तेल, दिशा, सगळं मी ताडून पाहिलं होतं. दोघांचा दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहावा, हे मला सुचलंच नव्हतं.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि न निवडलेले तांदूळ घातलेलं सूप घेऊन आली. ताईनं सवयीनं हात पुढं केले, तर तिला ओलांडून आईनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"तपास झाला ना तुझा?" ती म्हणाली. "मग निवड आता."

तेवढ्यात पक्षकार यायला लागले. वकीलसाहेबांचा मुलगा ओसरीवर बसून तांदूळ निवडतोय हे पाहून एक जण हसला, दुसऱ्यानं मान फिरवली. माझे कान तापले. आत जा, असं अण्णा आता म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. आतल्या खोलीतून ताईचा भूगोल घोकण्याचा आवाज येत होता. अण्णांनी आपली बैठक जरा सरकवून मला उजेडाची जागा करून दिली आणि पक्षकाराला म्हणाले, "हौ, बोला."