सेल्वीचं बोट

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या शाळेत आज शिक्षिका व्हायला शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने सरावपाठासाठी कावळ्याचं चित्र फळ्यावर लावलं आणि मला सेल्वी आठवली.

वीस वर्षांपूर्वी तिच्या जागी मी होते. मागच्या बाकावर माझ्या पाठाला गुण देणाऱ्या बाई. पहिलीतल्या सेल्वीने पुस्तकातल्या कावळ्याच्या तमिळ शब्दाखाली बोट सरकवत वाचलं, "काकम्."

"तप्पु! चूक. कागम् म्हण."

"टीचर, दोन्ही अक्षरं सारखीच आहेत ना?"

सारखीच होती. तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षराने लिहितात; उच्चार शब्दातल्या जागेवरून ठरतो. घरी आप्पांनी मराठीचे क-ग माझ्याकडून वेगवेगळे गिरवून घेतले होते. तिची अडचण मला कळायलाच हवी होती. पण बाईंचं पेन हललं. "सांगते तसं म्हण!" मी ओरडले.

"कागम्," ती म्हणाली आणि पुस्तकावरचं बोट काढून घेतलं. पुढचे सगळे शब्द तिने माझ्या ओठांकडे बघून म्हटले. मला चांगले गुण मिळाले.

आज पुढच्या बाकावरच्या मुलीने वाचलं, "काकम्." माझ्या विद्यार्थिनीला कालच हे सगळं समजावलं होतं. तिने घाबरून माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "तप्पु!"