गाडीची वाट न बघणारं हृदय

आज सकाळी गावठी अंडं फोडलं आणि हात तिथेच थांबला. पिवळ्या बलकावर तांबड्या धाग्यांची नाजूक जाळी पसरली होती आणि जाळीच्या मधोमध एक निश्चल ठिपका होता. कुठल्या तरी खुडूक कोंबडीनं दोन-तीन दिवस ऊब दिलेलं अंडं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत चुकून आलं असणार. "खराब निघालं, बाबा. द्या टाकून," सून म्हणाली. मी वाटी घेऊन खिडकीशी गेलो.

वडील जाऊन सतरा दिवस झाले. भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं, की काळ हेच औषध. मी मान डोलावली, चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेलो. पण मला औषध नको आहे. हे दुःख बरं व्हावं असं मला वाटतच नाही.

पशुवैद्यकात उभं आयुष्य गेल्यावरही गर्भाची सुरुवात मला जुनी झालेली नाही. आधी शरीर घडत असेल आणि मग हौदात पाणी सोडावं तसं त्यात रक्त येत असेल, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर रक्त आधी गर्भाच्या बाहेर, बलकाच्या आवरणावर, लहान लहान बेटांसारखं उगवतं. हृदय म्हणजे सुरुवातीला केसासारख्या दोन नळ्या असतात. एक डावीकडून येते, एक उजवीकडून. मधोमध त्या एकमेकींना बिलगतात, एक होतात, वाकतात आणि वाकता वाकताच धडधडू लागतात. गाय असो, शेळी असो, कोंबडी असो, रीत थोड्याफार फरकानं हीच. त्या घटकेला हृदयापर्यंत एकही मज्जातंतू पोचलेला नसतो. पुढे ढकलायला रक्तही आलेलं नसतं. तरी ते सुरू होतं.

हे मी पुस्तकात वाचलं ते सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाल्यावर. मी पशुवैद्यकाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुटीसाठी गावी आलो होतो. गाव जाफराबादच्या पलीकडे. चारी बाजूंनी कापसाची काळी रानं आणि दिवसातून दोनदा येणारी एस.टी. गावातली मेलेली जनावरं ओढून नेणं हे आमच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं काम. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वडिलांनी ते सोडलं. ओढायचा दोर चांगला दणकट होता. मोटेला चालला असता, पाळण्यालाही चालला असता. त्यांनी तो चुलीत घातला. तेव्हापासून गावातल्या एकाही गोठ्याची पायरी ते चढले नव्हते. कामं गेली, उपास पडले, पण पायरी चढले नाहीत.

त्या सुटीत गावच्या एका बड्या शेतकऱ्याची गाभण गाय मेली. वडील मजुरीला गेले होते. मी भर दुपारी, घरात कोणाला न सांगता, त्या गोठ्यात गेलो. गाय फाडली, गर्भाशयातून वीतभर वासरू काढलं, त्याचं हृदय वहीत रेखाटून घेतलं. मला ते विज्ञान वाटत होतं, आणि ते होतंही. फक्त मी कुठल्या पायरीवर पाय ठेवला, हे मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर त्या शेतकऱ्यानं चारचौघांत वडिलांना गाठलं. "तुला ढोर ओढायची शरम वाटती, अन् तुझा लेक फाडायला शिकून राह्यला. आता सांग, बदललं काय?"

वडील घरी आले ते पाणीसुद्धा न पिता ओट्यावर बसले. "तू गेल्ता?"

"गेल्तो."

"सोड ते कॉलेज. उद्या जाय अन् नाव काढून ये."

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी घाबरलो. मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही. "मेलेलं काय बघायचं? मेलेल्यात आपल्या पिढ्या गेल्या."

"मंग जितं दाखवतो," मी म्हणालो.

आईची कोंबडी नुकतीच खुडूक बसली होती. तिच्याखाली ठेवून मग फोडायला मी ताजं अंडं मागितलं तेव्हा आई म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणता, अन् जीव धरलेलं अंडं फोडता?" मग तिनंच एक अंडं काढून दिलं. "एकच," म्हणाली.

घरात घड्याळ नव्हतं. आमच्या गावात वेळ एस.टी.वर मोजत. संध्याकाळची गाडी आली तेव्हा अंडं कोंबडीखाली ठेवलं. परवा सकाळची गाडी येईल तेव्हा फोडायचं, म्हणजे साधारण अडतीस तास होतात. वडिलांनी ऐकून घेतलं. ते दोन दिवस येता-जाता कोंबडीकडे बघत होते.

परवाच्या सकाळी गाडीच आली नाही. ऊन ओट्यावर चढलं, मी कोमट मिठाचं पाणी आणि कॉलेजातलं भिंग घेऊन ताटकळलो. शेवटी वडीलच म्हणाले, "गाडी आली न्हाई म्हणून ते थांबणार हाय का? फोड."

वाटीतल्या पाण्यात गर्भ तरंगत होता, एखाद्या ज्वारीच्या दाण्याएवढा, काचेसारखा. भोवती तांबूस बेटं होती. वडिलांनी भिंग डोळ्याला लावलं. नळी आकसत होती, सैल होत होती, पुन्हा आकसत होती.

"रगत पोचलं का त्याच्यात?"

"अजून न्हाई."

"मंग ह्याला चालू व्हायला सांगितलं कोणी?"

"कोणीच न्हाई."

ते बघत राहिले. त्यांनी आईला हाक मारली. तीही आली, तिनंही बघितलं. पाणी निवत गेलं तशी धडधड मंदावली आणि थांबली. मग आईनं ती वाटी उचलली आणि गर्भ कडुलिंबाच्या मुळाशी मातीआड केला.

संध्याकाळच्या गाडीला वडील माझी ट्रंक खांद्यावर घेऊन थांब्यावर आले. शेतकरी तिथेच होता. "काय, निघाला का ढोरफाड्या?"

"निघाला," वडील म्हणाले. "कॉलेजलाच निघाला. आमच्या बापानं तुमची ढोरं ओढली ती तुमच्या हुकमानं. ह्यानं फाडून पाह्यलं ते आपल्या मर्जीनं. बदललं ते हे. पुढं तुमचं जनावर आजारी पडलं तर ह्यालाच बोलवावं लागंल, अन् तेव्हा हा पायरी चढून येईल. ओढायला बिलकुल न्हाई. बघायला."

शेतकरी तंबाखू थुंकून गाडीच्या दिशेला बघू लागला. वडिलांनी ट्रंक टपावर चढवली.

सतरा दिवसांपूर्वी दवाखान्यात नर्स म्हणाली, आता बाहेर थांबा. नातेवाईक माझं कोपर ओढत होते. बघवणार नाही तुला, म्हणत होते. मी हललो नाही. वडिलांच्या मनगटावर बोटं ठेवून उभा राहिलो आणि शेवटच्या ठोक्यापर्यंत बघितलं. दाखल्यावर लिहिलंय, हृदय बंद पडल्यानं मृत्यू. ते बंद पडलं, हे मला मान्य आहे. पण ते कोणाच्या हुकमानं चाललं नव्हतं, हे कुठल्याच दाखल्यावर येत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो आहे.

खिडकीतलं ऊन वाटीत उतरलं होतं. सुनेनं पुन्हा विचारलं, "टाकू ना, बाबा?"

"मातीत घालू," मी म्हणालो. "त्याआधी इकडे ये. बघ."

ती हात पुसत आली आणि माझ्या शेजारी वाकली.