पागधरे सरांनी दिलेली पाकोळी

पागधरे सरांच्या शोकसभेत नरेशने डोळे पुसत सांगितले, "सरांनी मला मोठ्या मनाने माफ केलं." सभेने माना डोलावल्या. हे साफ खोटे आहे. सरांना मी त्या सभेतल्या कुणाहीपेक्षा अधिक ओळखत होतो. तलासरीच्या शाळेत आम्ही एकत्र शिकवले, डहाणूहून एकाच एस.टी.ने गेलो-आलो. त्यांनी कुणाला माफ केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मलाही नाही.

सर तरुणपणी टांझानियात जीवशास्त्र शिकवून परतले होते. डहाणूतल्या मसोलीच्या घरामागे त्यांचे दोन ताड होते. त्यांची वाळलेली पाने तोडायला ते कुणालाही चढू देत नसत, कारण त्या लोंबत्या पानांना ताड-पाकोळ्या पिसांची इवलीशी घरटी लाळेने चिकटवतात. ऐकणारा मिळाला की तुलना सुरू होई. "आफ्रिकेतली पाकोळीही ताडावरच राहते, लाळेनेच घर चिकटवते. जुनी पुस्तकं दोघींना एकच समजायची. पण शेपटी बघा! तिची लांब, दोन सुयांसारखी, आपलीची आखूड. एवढंही ज्याला दिसत नाही, त्याने पक्ष्यांवर बोलू नये." वाटेवरच्या चारोटीचा चहावाला म्हणे, "सर, शेपटी राहू द्या, चहा निवला."

शेजारी नरेशने रिसॉर्ट बांधले. ताडाची पाने पाहुण्यांच्या गाड्यांवर पडतात, ही त्याची तक्रार. एकदा सर तलासरीला गेल्याचे पाहून त्याने ताडावर माणसे चढवली. आम्ही परतलो तेव्हा अंगणभर पाने पडली होती. सर गुडघ्यांवर बसून पिल्ले वेचू लागले. एकही जगले नाही. संध्याकाळी नरेश चिकूंची टोपली घेऊन आला. "सर, पाखरंच ती. येतील परत. टेन्शन नका घेऊ."

"टोपली उचल," एवढेच सर म्हणाले.

पुढे शहरातून पक्षी पाहायला येणारे पाहुणे नरेशला हवेसे झाले. दर्शनी भिंतीवर 'डहाणूची ताड-पाकोळी' रंगवायची म्हणून तो सरांकडे फोटो मागायला आला. सरांनी अल्बममधून एक काढून हसत दिला. गाव म्हणाले, वैर मिटले.

तो फोटो टांझानियातला होता.

नरेश गेल्यावर सर मला म्हणाले, "भिंतभर काढणार आहे मूर्ख! जो जाणकार येईल, तो त्याच्याच दारात उभा राहून हसेल. मी मेल्यावरसुद्धा." इतके प्रसन्न मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हातारपणी सरांची नजर अधू झाली होती, फोटो चुकून दिला गेला असेल, असे आता काही शहाणे म्हणतात. त्यांना माझे उत्तर एवढेच, की सरांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती आणि रागही.

सभेनंतर नरेशने सगळ्यांदेखत आपल्या भिंतीवरच्या त्या चित्राला हार घातला. "सरांचा हा आशीर्वाद," तो म्हणाला. लोक पांगल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सारे सांगितले.

"काका, मस्करी करता?"

"मी कधी केली आहे?"

तो भिंतीकडे वळला. "उद्याच पुसतो."

"पूस. सरांचा आशीर्वाद का पुसला, असे गाव विचारेल. काय सांगशील?"

"आणि ठेवला तर लोक हसतील!"

"हसतील."

"मग मी करू काय?"

"दरवर्षी रंग दे," मी म्हणालो. "इथल्या खाऱ्या हवेत लवकर उडतो."