बाकाची ट्रायल

माझ्या मावशीने जन्मभर कपडे शिवले. शाळेचे गणवेश ही तिची खासियत. कापड बेतताना खालच्या दुमडीत ती चार बोटं जास्तीची ठेवायची, कारण पोरं वाढतात, कपडा वाढत नाही. पुढे नजर कमी झाली तसं तिने मशीनवर झाकण घातलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. तरी ही बाई सुतारकाम शिकेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

याला कारण झाली सिस्टर. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारी निवृत्त नर्स, मावशीची जिवाभावाची मैत्रीण. या दोघी आणि बसमध्ये कंडक्टर असलेली तिसरी, जिला सगळे डबलबेल म्हणतात, रोज संध्याकाळी अंगणातल्या बुटक्या कट्ट्यावर बसून अख्ख्या इमारतीची हजेरी घ्यायच्या. मग सिस्टरचे गुडघे गेले. एका संध्याकाळी तिला कट्ट्यावरून उठताच येईना. दोघा जणांनी काखेत हात घालून तिला उपसून काढलं. वरच्या गॅलरीतून कोणीतरी फिदीफिदी हसलं. ते कोण, हे मला ठाऊक आहे आणि मी अजून त्या माणसाशी बोलत नाही.

दुसऱ्यांना उठवून बसवण्यात जिचा जन्म गेला, ती त्या दिवसापासून घराबाहेर पडेनाशी झाली. उंच पलंगावर बसून खिडकीतून बघायची. बोलावलं की म्हणायची, "नको गं, इथून दिसतंय सगळं." मावशी आणि डबलबेल कट्ट्यावर बसायच्या, पण मधली जागा रिकामी ठेवून. बघवायचं नाही मला.

प्लॅस्टिकची खुर्ची आणून झाली. तिच्यातून उठायला गेलं की खुर्चीही बरोबर उठायची. शेवटी मावशीने जाहीर केलं, "आपण बाक करायचा. मधल्या जागेला दोन्हीकडून धरायला दांडे असलेला."

"अगं, विकत आण की," मी म्हटलं.

"रेडिमेड कधी अंगावर नीट बसतं का?" ती म्हणाली आणि विषय संपला.

कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी आधी कपाळाला हात लावला. मग जुन्या दाराच्या फळ्या दिल्या, करवत दिली, रंधा दिला आणि दुपारच्या सुट्टीत अंगणात येऊन शिकवायलाही लागले. मावशी शिवणाच्या खडूने लाकडावर खुणा करायची. पहिली फळी तिने अशी तिरकी कापली, की काका हळहळले, "मावशी, लाकूड उसवता येत नाही हो." बाक उघड्यावर राहणार, पाणी निथळलं पाहिजे, म्हणून बसायच्या फळ्यांमध्ये फट ठेवायची, हे तर तिला मुळीच पटेना. "लोक म्हणतील, हिची शिवण उसवली." डबलबेल रंधा मारायची तो थेट शेवटच्या स्टॉपपर्यंत, मधे थांबणं नाही. दोघींचे हात सोलवटून निघाले. खिडकीतून सिस्टर ओरडायची, "आधी धुऊन घ्या गं! या इकडे!" आणि गजांमधून पट्टी बांधून द्यायची.

पण एके दिवशी बाकाचा पाय खाचेत ठोकला आणि तो गच्च बसला. हलवून बघितलं, ढिम्म हलेना. दोघी पोरींसारख्या किंचाळल्या. मलाही काय झालं कोण जाणे, मीही किंचाळले.

बाक पुरा झाला. दोघी ऐटीत बसल्या आणि त्यांचे पाय लोंबकळू लागले. काकांनी टेप लावली. सांगितलेल्या मापापेक्षा चारी पाय चार बोटं लांब!

"पाय कोणी कापले?" डबलबेल कडाडली. मावशी आभाळाकडे बघू लागली. "अगं बाई, बाक काय वाढणार आहे का?"

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. काकांनी खूण केली आणि करवत लावली. तेवढ्यात मावशीने पायावर हात ठेवला.

"थांबा. ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर कोणाची दुमड कापलेली नाही."

"मग बसलात की आत्ता. झाली ट्रायल."

"मी शिंपीण. गिऱ्हाईक आत आहे." ती खिडकीकडे वळली. "ए सिस्टर, बाहेर ये."

"मी नाही येणार. सांगितलंय ना."

"नको येऊस. मग हा असाच राहील आणि काका करवत धरून असेच उभे राहतील."

काकांनी खरोखरच करवत खाली ठेवली नाही. शेवटी आतून कडी वाजली. सिस्टर काठी टेकत दारात आली. गॅलऱ्या भरल्या होत्या. आज पुन्हा तिला उचलावं लागलं असतं, तर ते दार कायमचं बंद झालं असतं.

सिस्टर आम्हा सगळ्यांत उंच. ती बाकाला पाठ लावून उभी राहिली, दांडे धरले आणि अलगद टेकली. खाली कोसळणं नाही, काही नाही. तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले होते.

"आता ऊठ," मावशी म्हणाली.

मी पुढे झाले. मावशीने डोळ्यांनीच मला जागच्या जागी उभं केलं. सिस्टरने दांड्यांवर जोर दिला. तिच्या मानेची शीर ताठ झाली आणि ती उठली. एकटी. सरळ.

डबलबेलने बाकावर दोनदा दणके दिले. काकांनी करवत पिशवीत टाकली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या, त्या माणसाच्या गॅलरीतूनसुद्धा. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

सिस्टर पुन्हा बसली. मधल्या जागेवर, दोन बाजूंना येऊन टेकलेल्या दोघींच्या मधोमध. क्षणभराने पुन्हा उठली.

"अगं, आता कशाला उठलीस?" मावशीने विचारलं.

"परत बसायला."