कापराची वाटी

आमच्या करी रोडच्या चाळीत खाज कुणालाही सुटो, शेजारच्या काकी खोबरेलात कापूर कालवून आणणारच. माझ्या मांजरीच्या कानामागचे केस नाण्याएवढे गोल गळाले, तेव्हाही त्या वाटी घेऊन हजर. मी वाटी हिसकावलीच.

"मांजर अंग चाटतं, काकी! कापूर पोटात गेला तर मरेल ती."

"आता तू मला शिकवणार?"

मी त्यांचंच मनगट त्यांच्यापुढे धरलं. तिथंही तसंच गोल, लाल वर्तुळ होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी मांजरीला नायटाच सांगितला, मांजराचा माणसाला लागणारा. काकींनाही मीच माणसांच्या डॉक्टरकडे नेलं. दोघी बऱ्या झाल्या.

आता चाळीत कुणाचंही मांजर खाजवू लागलं की काकी गॅलरीतून ओरडतात, "काही लावू नका गं, आधी आमच्या पोरीला दाखवा!"